गळतीचा अहवाल मागवण्याआधी मीटर-रोहित्र यादी पाहा

आमच्याकडे स्मार्ट मीटरचा डेटा पाठवला की बहुतेक वीज वितरण कंपन्या विचारतात, "आकडे सगळे दिले, मग गळतीचा अहवाल लगेच का मिळत नाही?"

अडतं ते कोणता मीटर कोणत्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे, या यादीवर. रोहित्राच्या मीटरवरून गेलेल्या युनिटांतून त्यावरच्या ग्राहक-मीटरांची बेरीज वजा केली की गळती निघते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण बेरीज कोणत्या मीटरांची घ्यायची? रोहित्र जळतं, घाईत लोड शेजारच्या रोहित्रावर टाकला जातो आणि तिथेच राहतो. यादीत मात्र जुनंच नाव असतं.

समजा, एका रोहित्रातून १००० युनिट गेले आणि बेरीज आली ८००. गळती २० टक्के! शेजारच्यातून ९०० गेले, बेरीज ९६०. दिल्यापेक्षा जास्त वीज वापरली जाईल कशी? म्हणजे पहिल्यावरचे काही मीटर यादीत दुसऱ्यावर नोंदलेले आहेत. दोन्ही एकत्र धरा: १९०० पैकी १४०, म्हणजे साधारण ७.४ टक्के. पहिल्या आकड्यावर विसंबून तपासणी पथक पाठवलं, तर त्यांचा वेळ जातो आणि नियमित बिल भरणाऱ्यांवर चोरीचा संशय येतो. म्हणूनच यादी पडताळल्याशिवाय आम्ही रोहित्रनिहाय गळतीचा आकडा देत नाही. त्यात काही दिवस जास्त जातात, पण ते वाचवू नयेत असं आमचं ठाम मत आहे.

अशा उणे गळतीला, म्हणजे दिल्यापेक्षा बेरीज जास्त येण्याला, आणखी एक कारण असतं. छतावरच्या सौर पॅनेलची जादा वीज शेजारीच वापरली जाते, ती रोहित्राच्या मीटरला दिसत नाही. त्यामुळे आयात (घेतलेली वीज) आणि निर्यात (परत दिलेली वीज), दोन्ही रीडिंग हवीत.

पडताळणी होते व्होल्टेजवरून. एकाच रोहित्राच्या एकाच फेजवरच्या (तीन वीजवाहक तारांपैकी एकीवरच्या) मीटरांचं व्होल्टेज बरोबरीने चढतं-उतरतं. दर १५ मिनिटांची नोंद असेल तर दिवसाला ९६ आकडे मिळतात. काही आठवड्यांत चुकीच्या जागी नोंदलेला मीटर वेगळा पडतो. ज्या रोहित्रावर लोड फार कमी, तिथे हा फरक पुसट असतो. असे मीटर आम्ही वेगळे दाखवतो, ते लाइनमनने जागेवर पाहावेत.

तेव्हा नुसते महिन्याचे युनिट पाठवू नका, व्होल्टेजही पाठवा. जिथे रीडिंग आलं नाही ती जागा रिकामी ठेवा. शून्य भरलं तर वीज गेली होती की डेटा आला नाही, हे कळत नाही. वेळ १५ मिनिटांच्या सुरुवातीची आहे की शेवटची, तेही लिहा.

दुरुस्त केलेली यादी तुमचीच राहते. त्याच डेटातून ओव्हरलोड झालेली रोहित्रं, फेजमधला असमतोल आणि तुटलेला न्यूट्रल (काही घरांत व्होल्टेज वाढतं, त्याच वेळी काहींत घटतं) हेही दाखवता येतं. सुरुवात एका फीडरपासून (अनेक रोहित्रांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीपासून) करा. ग्राहकांची नावं पाठवू नका, मीटर क्रमांक पुरेसा आहे.