उपयोजित भाषाविज्ञान : शाखांची वाढ आणि कुपवाडचा वाद

उपयोजित भाषाविज्ञान म्हणजे भाषेबद्दलचं ज्ञान प्रत्यक्ष व्यवहारातल्या प्रश्नांसाठी वापरणं. विद्यापीठाच्या भाषा विभागात या विषयाच्या संशोधनक्षेत्रांची यादी पाहिली की भाषा-अध्यापन, दुसऱ्या भाषेचं शिक्षण, परीक्षा-मूल्यमापन, अनुवाद, कोशरचना, भाषानियोजन, बहुभाषिकता, संभाषण-विश्लेषण, न्यायालयीन भाषा, वाचादोष, कॉर्पस (अभ्यासासाठी जमवलेला मोठा भाषासंग्रह) ही सगळी नावं एकाखाली एक दिसतात. जणू सगळी एकाच वेळी जन्मली आणि सगळ्यांना सारखंच मनुष्यबळ मिळालं. प्रत्यक्षात प्रत्येक शाखेमागे वेगळी गरज होती आणि वेगळा पैसा होता. सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत त्यांतली एकच शाखा खोल रुजली, ती इंग्रजी-अध्यापनाची. असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं नाही. ‘उपयोजित’ हे बिरुद घेऊन पहिलं नियतकालिक १९४८ साली अमेरिकेत मिशिगनमधून निघालं. १९५७ मध्ये एडिंबरो विद्यापीठात स्वतंत्र विभाग झाला, १९५९ मध्ये वॉशिंग्टनला या विषयाचं केंद्र उघडलं आणि १९६४ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी इथं आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. महायुद्धात सैनिकांना परक्या भाषा झटपट शिकवण्याची निकड होती. युद्धानंतर नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांत इंग्रजी शिकवण्याचा प्रश्न आला. या विषयाचा पाळणा अशा रीतीनं भाषेच्या वर्गात हलला. आपल्याकडेही तोच क्रम दिसतो. पुण्यात १९५० च्या दशकात भाषाविज्ञानाची उन्हाळी शिबिरं भरली, १९५८ साली हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था आली, आणि भारतीय भाषांसाठीची म्हैसूरची संस्था त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६९ साली.

सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे १९६२ पासून कोल्हापूरच्या विद्यापीठाला जोडलेले. इथल्या कॉलेजांत पहिल्या पिढीतली मुलं येत होती. वसतिगृहात राहून, कष्ट करून शिकणाऱ्या मुलांची परंपरा साताऱ्यात त्याआधीच चार दशकांची होती. या मुलांची खरी अडचण इंग्रजीच्या पेपरात होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं, पुढे ते पाचवीवर आलं आणि २००० साली पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय झाला. प्रत्येक बदलाबरोबर शिक्षकांची प्रशिक्षणं, नवी पाठ्यपुस्तकं आणि संशोधनाचे नवे विषय आले. प्रबंध वाढले ते इथं.

त्या प्रबंधांचा साचा ओळखीचा होता. दोन भाषांची रचना शेजारी ठेवून फरक शोधायचा, ही पद्धत १९५७ च्या सुमारास प्रस्थापित झाली. चूक म्हणजे शिकणाऱ्याच्या मनातल्या नियमाची खूण, हा विचार १९६७ नंतर आला. त्यामुळे दहावी-बारावीच्या निबंधांतल्या चुका जमवून त्यांची वर्गवारी करणं हा इथल्या एम.फिल.चा, म्हणजे पीएच.डी.आधीच्या छोट्या संशोधन-पदवीचा, हक्काचा विषय झाला. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘डिस्कस अबाउट’ ही उदाहरणं त्यात हटकून असायची. हे काम कमी प्रतीचं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण यातल्या बहुतेक अभ्यासांत मुलाची मातृभाषा म्हणून ‘मराठी’ एवढंच लिहिलं जायचं. मूल जतच्या पूर्व भागातलं आहे, घरी कन्नड बोलतं, शाळेत मराठी शिकलं आणि इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा आहे, हे त्या रकान्यात बसत नव्हतं. माझ्या मते संशोधनाची सगळ्यांत मोठी संधी तिथंच हुकली.

कारण याच सांगली जिल्ह्यातलं एक गाव, कुपवाड, तोवर जगभरच्या अभ्यासक्रमांत पोहोचलं होतं.

साठच्या दशकात दोन परदेशी संशोधकांनी कुपवाडमधल्या बोलण्याच्या नोंदी घेतल्या. त्यावरचा त्यांचा निबंध १९७१ मध्ये छापून आला. भाषासंपर्काच्या, म्हणजे शेजारच्या भाषा एकमेकींना कशा बदलतात या विषयाच्या, जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख सापडतो. गावात जैन शेतकऱ्यांच्या घरी कन्नड, मुस्लिमांच्या घरी उर्दू, दलित आणि भूमिहीन मजूर कुटुंबांत मराठी, शिवाय थोड्या घरांत तेलुगू. चारचौघांत, बाजारात मराठी, कारण ती गावातल्या कुठल्याही वजनदार गटाची घरची भाषा नव्हती. निबंधाचा दावा असा की शतकानुशतकांच्या सहवासानं कन्नड, उर्दू आणि मराठीची वाक्यरचना जवळजवळ एकच झाली आहे, वेगळे राहिलेत ते शब्द. त्यातलं गाजलेलं उदाहरण भाजीचा पाला कापून आणल्याचं आहे. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’. कुपवाडच्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नडमध्येही घटक तेच, क्रम तोच, आणि ‘जरा’ तर तिन्हीत जसाच्या तसा. एका वाक्यातला शब्द काढून दुसऱ्या भाषेतला ठेवला की भाषांतर पूर्ण होतं.

उदाहरणं एवढ्यावर थांबत नाहीत. आपल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’मध्ये जो भेद आहे, तो प्रमाण उर्दूत नाही, कुपवाडच्या उर्दूत तो आलेला दिसला. ‘हे तुमचं घर आहे’ यातलं ‘आहे’ प्रमाण कन्नडमध्ये लागत नाही. गावच्या कन्नडमध्ये ते लागत होतं. उलट नामांच्या लिंगाची व्यवस्था कन्नडच्या अंगानं सरकली होती. म्हणजे एका भाषेनं दुसरीला गिळलं असा हा प्रकार नव्हता. देणंघेणं सगळ्या बाजूंनी होतं. तरीही घरची भाषा कुणी सोडली नाही, कारण घरातली भाषा हीच जातीची आणि धर्माची ओळख होती. व्याकरण एक व्हावं पण शब्द वेगळे राहावेत, ही गावच्या समाजरचनेची गरज होती, असं त्या संशोधकांचं स्पष्टीकरण.

वाद इथूनच सुरू होतो. हा दावा ऐकायला फार सुबक आहे आणि त्याला आक्षेप आले तेही याच सुबकपणावर. या शतकात मराठी मुलखातल्याच अभ्यासकांनी पुन्हा कुपवाड गाठलं. माणसं प्रत्यक्षात इतकं एकसारखं बोलतात का, की तिन्ही भाषांची सर्वाधिक जवळ आलेली वाक्यं निवडून चित्र रंगवलं गेलं, असा त्यांचा प्रश्न होता. वय, शिक्षण आणि समोर कोण आहे यानुसार बोलणं बदलतं. कन्नडवर मराठीचा भार वाढत गेलाय. शाळेतून आलेल्या प्रमाण भाषा जवळ आलेल्या बोलींना पुन्हा वेगळ्या दिशांना ओढतात. चाळीस वर्षांत गावही तेच राहिलेलं नव्हतं. औद्योगिक वसाहत झाली, बाहेरून कामगार आले, १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड अशी एकच महापालिका झाली.

मला स्वतःला दुसऱ्या बाजूचं म्हणणं अधिक पटतं. मिरजेच्या मार्केटमध्ये अर्धा तास उभं राहिलं तरी दिसतं की एकच बाई भाजीवाल्याशी एका वळणाचं मराठी बोलते, फोनवर लेकीशी कन्नड, आणि दवाखान्यातल्या काउंटरवर तिसऱ्याच वळणाचं मराठी. ‘एक व्याकरण’ म्हणून तिचं वर्णन केलं की तिचं हे कौशल्यच निसटतं. पण पहिल्या निबंधाचं मोल त्यामुळे कमी होत नाही. भाषांचं कुळ वेगळं असलं तरी शेजार व्याकरण बदलू शकतो, ही गोष्ट त्यानं पुराव्यानिशी मांडली. द्राविडी आणि आर्य कुळांमधली रेघ एका गावाच्या गल्ल्यांतून पुसट होत जाते, हे जगाला आपल्या जिल्ह्यानं दाखवलं. खंत एवढीच की पहिली नोंद परदेशातून आलेल्यांनी केली, फेरतपासणी पुण्याहून येऊन झाली आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांत हा विषय ‘समाजभाषाविज्ञान’ या पेपरातला एक परिच्छेद म्हणून राहिला.

बाकीच्या शाखा नंतर आल्या आणि घाईघाईनं आल्या. न्यायालयीन भाषेचा अभ्यास १९६८ साली इंग्लंडमधल्या एका निर्दोष ठरलेल्या, पण १९५० मध्येच फाशी गेलेल्या तरुणाच्या जबाबांवरून सुरू झाला. जबाबातला वादग्रस्त भाग पोलिसी लेखनाच्या वळणाचा आहे आणि उरलेला भाग त्याच्या बोलण्याचा, असं त्यातून दिसलं. आपल्याकडे ‘समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की’ या वाक्यानं सुरू होणारा कागद ज्यानं वाचलाय, त्याला या अभ्यासाची गरज वेगळी सांगावी लागत नाही. सांगणारा उमदीचा कन्नडभाषक शेतकरी असला तरी कागदावरचं मराठी ठाणे अंमलदाराचंच असतं. दवाखान्याचंही तेच. मिरजेत उत्तर कर्नाटकातून रोज रुग्ण येतात. ‘कसनुसं होतंय’, ‘पोटात भगभगतंय’ या तक्रारी केसपेपरवर इंग्रजीत कोणत्या शब्दांत उतरतात, दोन्हीत किती अंतर पडतं, हा खरा उपयोजित प्रश्न आहे.

स्थलांतराची भाषा ही शाखा तर आपल्या दारात आहे. विटा-खानापूर भागातली गलाई व्यावसायिक कुटुंबं सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभरातल्या शहरांत पसरली आहेत. तिथं वाढलेली मुलं सुट्टीत गावी येतात तेव्हा त्यांच्या मराठीत तमिळ, बंगाली, हिंदी काय-काय मिसळलेलं असतं. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबं इथं उतरतात, त्यांच्या पोरांना इथल्या शाळेतलं मराठीही वेगळं वाटतं.

यातली बहुतेक कामं छोट्या प्रमाणावर, एखाद्या गावात वर्षभर राहून करण्याची आहेत. एम.फिल.ची चौकट त्याला बरोबर मापाची होती. ती पदवी २०२२ च्या नियमांनी बंद झाली. पीएच.डी.साठी विषय मंजूर करून घेताना मोठं शीर्षक आणि व्यापक नमुना मागितला जातो, त्यात एका वाडीचं बोलणं टिकत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प आला आहे. विद्यार्थ्यांना विषय निवडायचे आहेत, मोबाइलवर ध्वनिमुद्रण फुकट होतं, आणि कुपवाडला जायला सांगली बसस्थानकावरून शहर बस मिळते.