पोहऱ्यातले पाणी: समुद्राच्या तापमानाच्या वादाची पार्श्वभूमी

मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचे काम पुण्यात चालते आणि त्यात प्रशांत व हिंदी महासागरांच्या पृष्ठभागाच्या तापमानाला मोठे वजन असते. त्यामुळे समुद्र खरोखर तापतो आहे की आकडे 'दुरुस्त' करून तापवले जात आहेत, हा वाद पुणेकरांना परका नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. इथे मात्र भांडण आडाचे कमी आणि पोहऱ्याचेच जास्त आहे.

एकोणिसाव्या शतकात जहाजावरून बादली सोडून पाणी वर घेत आणि त्यात तापमापी बुडवत. पुढे लाकडी बादलीच्या जागी कॅनव्हासची बादली आली, तेव्हा माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच बाष्पीभवनाने, डेकवर येईपर्यंत हे पाणीही निवू लागले. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावणे धोक्याचे असल्याने इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याच्या नोंदी वाढल्या, आणि त्या किंचित जास्त येत. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या बादलीच्या नोंदी पुन्हा वाढल्या आणि 1945च्या सुमारास आलेखात जवळपास 0.3 अंशांची घसरण उमटली. ती समुद्राची नसून मोजणीची आहे, हे 'नेचर'मधील एका लेखाने 2008 साली दाखवून दिले. काही जुन्या जपानी नोंदी संगणकीय संग्रहात घेताना दशांश चिन्हापुढचा अंकच गाळला गेला होता, हे तर 2019 साली कळले. कारकुनी हलगर्जीपणा विज्ञानालाही चुकत नाही.

खोल पाण्याची कथा वेगळी नाही. 1960च्या दशकापासून जहाजावरून सोडल्या जाणाऱ्या, एकदाच वापरायच्या तापमापकांत खोली मोजली जात नसे. पडायला लागलेल्या वेळावरून ती काढली जाई, आणि ते गणित चुकत असे. 2,000 मीटरपर्यंत बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येणारी स्वयंचलित आर्गो यंत्रे 2007 अखेर तीन हजारांवर गेली. त्याआधी, ती यंत्रे पसरत असतानाच, 2006 साली समुद्राचा वरचा थर थंड झाल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि वर्षभरातच त्याच संशोधकांना तो मागे घ्यावा लागला, कारण आर्गो यंत्रांच्या एका गटातील दाबाच्या नोंदी सदोष होत्या.

खरी ठिणगी 2015 साली पडली. समुद्रात तरंगत ठेवलेल्या बोयांवरील तापमापक जहाजांपेक्षा सुमारे 0.12 अंश कमी दाखवतात, हा फरक जुळवल्यावर तापमानवाढीतील कथित 'विराम', म्हणजे नव्या शतकाच्या आरंभी वाढ थबकल्याचा समज, उरत नाही, असे अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी महासागर व हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये मांडले. अमेरिकी संसदेतील विज्ञान समितीचे अध्यक्ष लामार स्मिथ यांनी त्या शास्त्रज्ञांच्या अंतर्गत पत्रव्यवहारासाठी समन्स काढले. 2017 साली संस्थेचे निवृत्त शास्त्रज्ञ जॉन बेट्स यांनी विदा जतन करण्याच्या पद्धतीवर टीका केली. वृत्तपत्रांनी तिला फेरफाराचा आरोप बनवले, पण आकड्यांत फेरफार झाल्याचे आपले म्हणणे नसल्याचे त्यांनीच स्पष्ट केले. त्याच वर्षी केवळ बोये, केवळ उपग्रह आणि केवळ आर्गो यांच्या नोंदी स्वतंत्रपणे तपासल्या गेल्या, आणि त्या 'नोआ'च्या सुधारित मालिकेशी जुळल्या.

आक्षेप घेणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. बादलीच्या नोंदींच्या दुरुस्तीने जुने आकडे वर सरकतात, म्हणून सगळ्या दुरुस्त्या एकत्र धरल्या तर शतकभराची तापमानवाढ मूळ नोंदींपेक्षा कमीच दिसते.

हिंदी महासागराच्या बाबतीत पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2014 साली, पश्चिम भागातील जून ते सप्टेंबरमधील तापमान 1901 ते 2012 या काळात सुमारे 1.2 अंशांनी वाढल्याचे दाखवले. आरंभीच्या दशकांसाठी त्यांनाही त्या जुन्या जहाजी नोंदींवर आधारलेल्या मालिकाच वापराव्या लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे समुद्राचे आकडे आजही प्रत्यक्षापेक्षा थंड आहेत, असे 2024च्या एका अभ्यासात आढळले; ते मान्य केले तर त्या शतकाच्या पूर्वार्धातील वाढ थोडी कमी भरते, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची एकूण वाढ मात्र तशीच राहते.