स्कॅनमध्ये भलतंच काही दिसलं तर? ज्युडी इलेस यांच्या कामाची पार्श्वभूमी

काकाजींना चक्कर यायची म्हणून नागपूरच्या धंतोलीतल्या एका सेंटरवर त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला. चक्कर कानाची निघाली, पण रिपोर्टच्या तळाशी 'इन्सिडेंटल', म्हणजे शोधत नसताना सापडलेलं, म्हणून एक ओळ होती, डाव्या बाजूला छोटी अरॅक्नॉइड सिस्ट, म्हणजे मेंदूच्या आवरणातली पाण्याची पिशवी. काउंटरवरचा पोरगा म्हणे डॉक्टरांना दाखवा, अन् डॉक्टर भेटणार थेट सोमवारी. दोन दिवस घरात कोणाचं जेवणात लक्ष नव्हतं, काकू सारखी तो कागद हातात घेऊन, "हे काय लिहून ठेवलं बापा यांनी?" सोमवारी डॉक्टरांनी दोन मिनिटात सांगितलं की बहुतेक जन्मापासूनची आहे, काही करायचं नाही.

या 'इन्सिडेंटल' शब्दामागे बरंच काम झालेलं आहे, आणि त्यात एक नाव परत परत येतं, ज्युडी इलेस. आधी स्टॅनफर्डला होत्या, २००७ पासून कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. विषय न्यूरोएथिक्स, म्हणजे मेंदूच्या विज्ञानातले नैतिक प्रश्न. २००२ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला या विषयावर मोठी परिषद झाली आणि तिथून न्यूरोएथिक्स हे नाव रुळलं.

काकाजींच्या मागे निदान एक डॉक्टर तरी होता. १९९० नंतर एफएमआरआय, म्हणजे काम करतानाचा मेंदू दाखवणारा एमआरआय, आलं तसे मानसशास्त्राच्या लॅबमध्ये धडधाकट लोक, जास्त करून कॉलेजची पोरं, मशीनमध्ये झोपायला लागली, कारण प्रयोगवाल्यांना बघायचं होतं की गणित करताना किंवा चेहरा ओळखताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो. स्कॅन बघणार पीएचडीचा विद्यार्थी, तो काही रेडिओलॉजिस्ट नाही, आणि स्कॅनही निदानासाठी काढलेला नाही. पण डोक्यात काही असलं तर ते दिसणारच ना? १९९९ मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये अशा १००० निरोगी लोकांचे स्कॅन छापून आले, त्यातल्या १८ टक्क्यांत काही ना काही वेगळं होतं, बहुतेक किरकोळ, पण दोघांना चक्क मेंदूचा ट्यूमर निघाला. आता हे त्या माणसाला कोणी सांगायचं? त्याने तर विचारलंही नव्हतं.

इलेस आणि त्यांच्या सोबतच्यांनी हाच प्रश्न धरला. २००४ मध्ये त्यांनी संशोधनासाठी काढलेले १५१ जुने स्कॅन परत तपासले, ६.६ टक्के लोकांना पुढे डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं असं निघालं. म्हाताऱ्यांत सापडणाऱ्या गोष्टी जास्त, पण त्या निवांत बघण्यासारख्या, तरुणांत कमी पण चारपैकी तीन तातडीच्या. मला मात्र २००६ चा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. आधी प्रयोगात भाग घेतलेल्या १०५ लोकांना त्यांनी सरळ विचारलं की तुम्हाला काय वाटलं होतं. ५४ टक्के म्हणाले, आमच्या डोक्यात काही असतं तर ते स्कॅनमध्ये कळलंच असतं. म्हणजे फॉर्मवर सही केली, पण निम्म्याहून जास्त लोक मनात फुकटचं चेकअप समजूनच मशीनमध्ये झोपले होते! अन् काही सापडलं तर आम्हाला सांगा म्हणणारे ९० टक्क्यांच्या वर. हा आकडा वाचला आणि मला काकू आठवली, कागद हातात घेतलेली.

त्याच वर्षी सायन्स जर्नलमध्ये त्यांचा लेख आला, त्यात मुद्दा असा की काही सापडू शकतं हे संशोधकाने आधीच गृहीत धरायचं, काय करणार ते ठरवून ठेवायचं आणि संमतीपत्रात स्पष्ट लिहायचं. प्रत्येक स्कॅन रेडिओलॉजिस्टने बघायलाच हवा का, यावर तेव्हाही एकमत झालं नाही, कारण पैसा आणि माणसं आणायची कुठून. पुढे २००९ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये १९,५५९ लोकांच्या स्कॅनचा हिशेब आला, साधारण दर ३७ माणसांमागे एकात काहीतरी सापडतं. २०१३ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या बायोएथिक्स आयोगाने या एकाच विषयावर आख्खा अहवाल काढला. संशोधनाचा प्रभाव म्हणजे लोक सायटेशन, म्हणजे इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते, मोजतात, मोजावेत, पण संमतीपत्रात वाढलेली ती एक ओळ मला त्याहून मोठी वाटते.

त्यांचं दुसरं एक काम आपल्या महाराष्ट्राच्या फार जवळचं आहे. २००७ मध्ये कायद्याचे प्राध्यापक हँक ग्रीली यांच्यासोबत त्यांनी लिहिलं की मेंदू वाचून खोटं पकडणारी यंत्रं औषधासारखी आधी तपासून घ्या, सिद्ध होईपर्यंत वापरू नका. पुढच्याच वर्षी पुण्याच्या कोर्टात एका खून खटल्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणारी बीईओएस टेस्ट शिक्षेच्या निकालात धरली गेली, आरोपीने गप्प बसायचं आणि "मी आर्सेनिक विकत घेतलं" असली वाक्यं ऐकायची, बाकी मेंदू सांगेल म्हणे. जगभरच्या तज्ज्ञांनी त्यावर टीका केली. शेवटी ५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही. संशोधनातला फॉर्म असो की पोलिसांची टेस्ट, डोक्यात दिसलेल्या गोष्टीवर हक्क कोणाचा हाच प्रश्न.

आता तो परत नव्याने येतोय. २०२० मध्ये अमेरिकेत चाकावर ढकलत नेता येईल अशा छोट्या एमआरआय मशीनला मंजुरी मिळाली, चुंबकाची ताकद फक्त ०.०६४ टेस्ला, साध्या प्लगवर चालणारं. उद्या कोणी असं मशीन संशोधनासाठी मेळघाटात नाहीतर भामरागडला नेलं आणि कोण्या बाईच्या डोक्यात काही दिसलं, तर तिला ते कोण सांगणार, कोण्या भाषेत, आणि तिथून नागपूरच्या मेडिकलपर्यंत तिला आणायचा खर्च कोण करणार, हे मशीन निघायच्या आधी कागदावर आलं पाहिजे.