पाचशे उठाबशांनंतर मांडीत काय होतं?

मे महिन्यात अमळनेरहून ओळखीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. पोरगा एकोणीस वर्षांचा, सैन्यभरतीच्या तयारीसाठी एका अकॅडमीत दाखल होऊन तीनच दिवस झालेले. ओट्याच्या चार पायऱ्या चढताना त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. जुन्या मुलांनी ‘ओळख’ म्हणून त्याच्याकडून पाचशे उठाबशा काढून घेतल्या होत्या. वडिलांना पायांचं फारसं काही वाटत नव्हतं. “रगडा खादा म्हणजे पोऱ्या कडक व्हस,” ते म्हणाले. घाबरले होते ते लघवीच्या रंगाला. कोऱ्या चहासारखी लघवी होत होती. कावीळ समजून गावात कुणीतरी पोराच्या गळ्यात माळही बांधली होती.

ती कावीळ नव्हती. त्याच्या मांडीचे स्नायू फुटले होते आणि त्यांच्यातला ऐवज लघवीतून बाहेर पडत होता. मी त्यांना चहाही न देता तसंच धुळ्याला दवाखान्यात पाठवलं.

या विकाराचं नाव ऱ्हॅब्डोमायोलिसिस. 1941 साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेली माणसं जिवंत बाहेर काढल्यावर काही दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडून दगावत होती. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ते नोंदवलं. स्नायू फुटायला भिंतच अंगावर पडावी लागते असं नाही, उठाबशाही पुरतात.

उठाबशीत घात होतो तो खाली बसताना. मांडीचा स्नायू तेव्हा शरीराचा भार पेलत ताणला जात असतो आणि त्याच्या पेशींच्या आवरणाला बारीक चिरा पडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. आत शिरलेलं कॅल्शियम उपसून टाकायला पंप असतात, पण ते एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर, चालतात आणि दमलेल्या स्नायूत एटीपीचाच तुटवडा असतो. कॅल्शियम साचलं की स्नायू आखडलेलाच राहतो, उरलंसुरलं एटीपी संपवतो, आणि प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम्स) जागी होऊन पेशीला आतून पोखरतात. मग पेशीतलं पोटॅशियम, क्रिएटिन कायनेज (सीके) नावाचं विकर आणि मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात येतं. पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. मायोग्लोबिन हा हिमोग्लोबिनचा धाकटा भाऊ, आकाराने चौथाई, म्हणून मूत्रपिंडाच्या चाळणीतून सहज गळतो. अंगात पाणी कमी असेल तर तो पुढच्या बारीक नळ्यांत गोळा होऊन त्या तुंबवतो. आपल्याकडे जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पाणी कमी पडायला कितीसा वेळ लागणार?

व्यायाम करणारी बहुतेक माणसं यातून वाचतात, कारण जळजळ झाली की माणूस थांबतो. रॅगिंगमध्ये नेमकं तेच थांबणं काढून घेतलेलं असतं. “दोनशेला का थांबला नाहीस?” मी विचारलं. तो म्हणाला, “थांबलो की पुन्हा एकपासून मोजायचे.” दुसरी गोष्ट वेळेची. हलका सराव एकदा झाला की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तशा ताणाला बराच टिकतो. पण ‘ओळख’ होते पहिल्याच आठवड्यात, म्हणजे हे संरक्षण तयार व्हायच्या आत. कणखरपणा येतो तो चढत्या सरावाने आणि मधल्या विश्रांतीने. प्रोटीनच्या डब्यावरच्या जाहिरातीही ही विश्रांती सांगत नाहीत.

रशियन सैन्यात जुने शिपाई ‘आजोबा’ म्हणवतात आणि नव्यांना छळतात. चेल्याबिन्स्कमध्ये 2005च्या अखेरच्या रात्री एका नव्या शिपायाला तासन् तास उकिडवं बसवलं. पायांत गँगरीन होऊन दोन्ही पाय कापावे लागले.

सातपुड्यातल्या पोरांबद्दल तर वेगळं सांगायला हवं. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक बरेच आहेत. त्यांना एरवी काही त्रास नसतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांना श्रमाने होणाऱ्या ऱ्हॅब्डोचा धोका 54 टक्क्यांनी जास्त दिसला, मृत्यूचा मात्र जास्त दिसला नाही. त्या सैन्यात पाणी आणि विश्रांतीचे नियम सर्वांनाच सक्तीचे आहेत.

“आम्हीपण सोसलंय” म्हणणाऱ्यांचं मनही तपासून झालंय. 1959 साली अ‍ॅरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी एका गटात शिरण्यासाठी काही विद्यार्थिनींना ओशाळवाणी परीक्षा द्यायला लावली. पुढे त्याच गटाची रटाळ चर्चा त्यांना इतरांपेक्षा जास्त रंजक वाटली. सोसलेलं फुकट गेलं असं मन मानून घेत नाही.

आपल्या लष्कराचा कायदा या बाबतीत मुळीच मऊ नाही. आर्मी अ‍ॅक्ट 1950च्या कलम 47नुसार हाताखालच्या माणसाला छळल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गल्लीतल्या अकॅडमीला हे कलम लागू नाही, तिथे आईबापांनीच पहिल्या आठवड्यात जाऊन पाहावं.

उठाबशांनंतर मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवी तपकिरी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सीके तपासायला सांगा. दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका, अशा बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. या पोराला पाच दिवस सलाइन लागलं. चौथ्या दिवशी लघवीचा रंग उतरला.