नाक खाली ओढणारा वेग

लॉकहीडचं पी-३८ लायटनिंग हे दोन इंजिनांचं लढाऊ विमान उंचावरून सूर मारताना एका वेगानंतर वैमानिकाचं ऐकेनासं होई. नाक आपणहून आणखी खाली जाई आणि दांडा जिवाच्या आकांताने ओढला तरी वर येत नसे. गंमत अशी, की खाली दाट, उबदार हवेत पोचल्यावर ताबा पुन्हा मिळे, अर्थात विमान तोवर शाबूत राहिलं तर. एलिव्हेटर, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखामागची नाक वर-खाली करणारी हलती फळी, हलवायला हलका पडावा म्हणून एका विमानावर जादा पट्ट्या बसवल्या. ४ नोव्हेंबर १९४१ रोजी त्याची चाचणी घेताना शेपूटच तुटली आणि चाचणी वैमानिक राल्फ व्हर्डन ठार झाला.

दुखणं वैमानिकाच्या ताकदीचं नव्हतंच. पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा विमानापेक्षा वेगाने धावते. त्यामुळे पी-३८ ध्वनिवेगाच्या जेमतेम ६८ टक्क्यांवर असतानाच पंखावरची हवा ध्वनिवेग गाठत असे. तिथे शॉक वेव्ह, म्हणजे हवेच्या दाबाची अचानक उसळलेली लाट, उभी राहते, तिच्यामागची हवा पंखापासून सुटते आणि उचल घटते. पंखामागून शेपटीवर खाली झुकत येणारा झोतही मंदावतो, म्हणून शेपूट वर उचलली जाते आणि नाक खाली. पुढे पूर्ण स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून जास्त वेगात उचलीचा केंद्रबिंदूच पंखाच्या रुंदीच्या पाव भागावरून जवळपास मध्यावर सरकतो. मग विमान नको तितकं स्थिर होतं, वळवायला जड. आणि ध्वनिवेग थंडीत कमी असल्याने हे संकट उंचावर लवकर गाठे.

पी-३८ला १९४४ साली पंखाखाली छोट्या झडपा मिळाल्या. सूर मारताना त्या उघडल्या की नाक आटोक्यात राही. पण ही मलमपट्टीच. खरा उपाय बेल एक्स-१ या अमेरिकी रॉकेट विमानावर सिद्ध झाला. मॅक ०.९४ च्या, म्हणजे ध्वनिवेगाच्या ९४ टक्क्यांच्या आसपास चाचणी वैमानिक चक येगरचा एलिव्हेटर निकामी झाला, कारण शॉक वेव्ह नेमकी त्याच्या बिजागरीपाशी येऊन बसली होती. चमूतला अभियंता-वैमानिक जॅक रिडली म्हणाला, एलिव्हेटर विसर, शेपटीचा अख्खा आडवा पंखच किंचित फिरव. ती सोय विमानात आधीपासून होती. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी येगरने मॅक १.०६ गाठला. वर्तमानपत्रांना 'ध्वनीची भिंत' आवडली. माझ्या मते त्या दिवशीचा खरा नायक तो फिरता पंख होता.

लवकरच एफ-८६ सेबरच्या सुधारित आवृत्तीत तो आला आणि मग लढाऊ विमानांचा रिवाजच झाला. नाशिकजवळ ओझरला बांधली गेलेली मिग-२१ विमानंही अशाच शेपटीची. काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाला मात्र शेपटीचा आडवा पंखच नव्हता. तिथे उचलीच्या केंद्राबरोबर वजनाचं केंद्रही मागे सरकावं म्हणून वेग वाढताना टनावारी इंधन मागच्या टाकीत पंप करत आणि वेग उतरताना पुन्हा पुढे आणत.