ट्यूब प्रीअ‍ॅम्प आणि ट्यूब रोलिंग

ट्यूब प्रीअ‍ॅम्प म्हणजे रेकॉर्ड प्लेयर, सीडी प्लेयर किंवा डॅककडून (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या डब्याकडून) येणारा सिग्नल काचेच्या निर्वात नळ्यांमधून पार करून, वाटेत व्हॉल्यूमचं बटण देऊन, पुढे स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पला देणारी पेटी. तिच्यातल्या ट्यूब्स उपटून दुसऱ्या कंपनीच्या किंवा जुन्या जमान्यातल्या घालून बघायच्या, याला ट्यूब रोलिंग म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं वॉल्व्हच म्हणतात आणि तेच बरं, कारण दुकानात नुसती ट्यूब मागितली तर ट्यूबलाइट हातात पडते.

फ्लेमिंगचा डायोड, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांचा वॉल्व्ह, १९०४ चा, त्यात तिसरा इलेक्ट्रोड म्हणून जाळी घालून डी फॉरेस्टने ऑडिऑन, म्हणजे ट्रायोड केला १९०६ मध्ये, आणि १९४७ ला ट्रान्झिस्टर आला तेव्हा खरं तर वॉल्व्हचं पुढे काय होणार ते ठरूनच गेलं. गंमत म्हणजे त्याच १९४७ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १२एएक्स७ ही ट्यूब बाजारात आणली आणि ती आजही नवीकोरी बनते. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन ट्रायोड, खाली नऊ पिना, साधारण अंगठ्याएवढी. मॅरँट्झ ७ या गाजलेल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये अशा सहा आहेत.

या कुटुंबातल्या बाकीच्या म्हणजे १२एटी७ (ईसीसी८१) आणि १२एयू७ (ईसीसी८२). तिघींच्या पिना सारख्या, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसते, पण बसते म्हणून चालते असं नाही. १२एएक्स७ चा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (ट्यूब सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १००, १२एटी७ चा ६० आणि १२एयू७ चा २० च्याही खाली, शिवाय १२एयू७ करंट जास्त ओढते, सर्किट तर १२एएक्स७ साठी बांधलेलं, मग बायस, म्हणजे ट्यूबचा ठरवलेला कामाचा बिंदू, सरकतो. लाइन स्टेजमध्ये (सीडी वगैरेचा सिग्नल हाताळणाऱ्या भागात) एखाद वेळेस खपून जातं, फोनो स्टेजमध्ये (रेकॉर्ड प्लेयरचा नाजूक सिग्नल वाढवणाऱ्या भागात) मात्र नको, कारण फीडबॅकवाल्या सर्किटात, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत मागे देणाऱ्या सर्किटात, गेन म्हणजे वाढ कमी पडली की आरआयएएचा कर्व्ह, म्हणजे रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज परत भरून काढायचं ठरलेलं माप, तोच बिघडतो आणि खर्ज पातळ लागतो. गेन थोडासाच उतरवायचा असेल तर ५७५१ घ्या, तिचा फॅक्टर ७० आहे. ६डीजे८ म्हणजे ईसीसी८८ दिसायला तशीच, नऊ पिनांचीच, पण हीटरची (आतली तापणारी तार) जोडणी वेगळी आणि प्लेटला (आतला पत्रा) १३० व्होल्टची मर्यादा, १२एएक्स७ ला ३०० चालतात. ही अदलाबदल करूच नका.

रोलिंगने फरक पडतो का? पडतो, पण ज्याचा गवगवा होतो तो नाही. दोन चांगल्या, नीट मोजलेल्या १२एएक्स७ मधला फरक बारीक असतो, आणि ट्यूब बदलून ती तापून परत गाणं लावेपर्यंत चार-पाच मिनिटं जातात तेवढ्यात कान आधीचं विसरतो. खरा फरक कळतो तो आवाजाच्या मागच्या खरखरीत आणि मायक्रोफोनीत. मायक्रोफोनी म्हणजे ट्यूबच्या आतले पत्रे आणि जाळ्या थरथरल्या की ती थरथर स्पीकरमधून ऐकू येणं. तपासायला प्रीअ‍ॅम्प चालू ठेवायचा, व्हॉल्यूम नेहमीएवढा, आणि पेन्सिलच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी द्यायची. बारीक टक् आलं तर ठीक, घंटेसारखा टणण् घुमत राहिला तर ती ट्यूब फोनोमध्ये घालू नका, पुढच्या स्टेजला चालून जाईल. ट्यूब काढताना सरळ वर, अगदी थोडी हलवत, गोल पिळायची नाही. आणि वरचा चंदेरी डाग बघायचा, त्याला गेटर म्हणतात, तो बेरियमचा असतो आणि आत हवा शिरली की पांढरा दुधी होतो. पांढरा दिसला की ट्यूब गेली.

जुन्या मालाचं वेड मोठं आहे. इंग्लंडच्या ब्लॅकबर्नची मुलार्ड, हॉलंडच्या हेरलेनची अँपरेक्स, जर्मनीची टेलिफंकन. टेलिफंकनची खूण म्हणजे खाली पिनांच्या मधे काचेतच उठलेला चौकट, पत्त्यातल्या चौकटसारखा. वरचं छापील नाव बोटाने पुसलं जातं आणि तेवढंच सहज नवीन छापताही येतं, शिवाय पूर्वी कारखाने एकमेकांचा माल स्वतःच्या नावाने विकायचे, म्हणून नावापेक्षा आतली बांधणी आणि काचेवरचे कोड बघणारे लोक शहाणे. आजची मुलार्ड नावाची ट्यूब रशियात सारातोवला बनते, जेजे कंपनीच्या ट्यूब्स स्लोव्हाकियातून येतात, काही चीनमधून. भारतात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने वॉल्व्ह बनवले, जुन्या रेडिओंमध्ये ते अजून सापडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा चोर बाजार, पुण्यात तपकीर गल्ली, नशीब असेल तर मिळतं, पण ट्यूब टेस्टरवर (ट्यूब तपासायच्या यंत्रावर) लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता प्रीअ‍ॅम्प निवडणं, आणि माझ्या मते पैसा जायचा तो इथे, ट्यूब्समध्ये नाही. पहिलं गेन. सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो, बऱ्याच पॉवर अ‍ॅम्पना पूर्ण आवाजाला १ व्होल्टच्या आसपास पुरतो, मग मधे दहापट वाढवणारी लाइन स्टेज कशाला? व्हॉल्यूमचं बटण घड्याळातल्या नऊच्या पुढे जातच नाही आणि तिथे पोटेन्शिओमीटरचे, म्हणजे त्या बटणामागच्या कंट्रोलचे, डावा-उजवा असे दोन चॅनल नीट जुळत नाहीत, आवाज एका बाजूला झुकतो. रेकॉर्ड ऐकणाऱ्याची गोष्ट वेगळी, एमएम कार्ट्रिज (सुई बसवलेला, हलत्या चुंबकावर चालणारा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं, त्याला साधारण शंभरपट वाढ आणि ४७ किलोओहमचा इनपुट हवाच.

दुसरं आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे प्रीअ‍ॅम्पच्या बाहेर जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेतला अंतर्गत विरोध. पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स याच्या निदान दहापट असावा, सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) अ‍ॅम्पचा तो कित्येकदा १० ते २० किलोओहमच असतो आणि नुसत्या १२एएक्स७ च्या प्लेटवरून तो ओढवत नाही, म्हणून शेवटी कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता आउटपुट इम्पीडन्स उतरवणारी ट्यूबची जोडणी) लागतो. तिसरं पॉवर सप्लाय. स्वस्तातल्या काही पेट्यांत ट्यूबला जेमतेम २०-३० व्होल्ट देतात आणि खाली नारिंगी एलईडी लावून ती पेटल्यासारखी दाखवतात, लग्नातल्या रोषणाईसारखी. सगळं काम आतली चिप करते. खऱ्या सर्किटात २५०-३०० व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात, त्यामुळे झाकण उघडून आत बोट घालायच्या आधी मीटर लावायचा.

अमेरिकेतला भाऊ डायनाको किंवा मॅकिंटॉश कंपनीचा जुना अ‍ॅम्प घेऊन आला तर तो तिकडच्या ११७ व्होल्टचा असतो, २३० ला थेट लावला तर संपला. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो लावूनसुद्धा आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने आतला ६० हर्ट्झवाला ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो, कधी कधी गुणगुणतो. कोकणात, गोव्यात दमट हवेने सॉकेटच्या पिना काळ्या पडतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटीत घालायच्या बारीक ब्रशने घासल्या की अर्ध्या वेळा खरखर तिथेच जाते आणि नवीन ट्यूब घ्यावी लागत नाही.