ताश्कंदचा ताश आणि चुवाशांचा चुल

भाषा मरते ती तिचा शेवटचा म्हातारा भाषक गेल्यावर, असं आपल्याला बातम्या वाचून वाटतं. रशियात व्होल्गाकाठी बोलल्या जाणाऱ्या चुवाशला अजून लाखांनी भाषक आहेत. पण 2002च्या जनगणनेत ते 13 लाखांवर होते, 2010 मध्ये साडेदहा लाखांच्या आत आले आणि 2021 मध्ये सात लाखांच्या आसपास. शेवटच्या जनगणनेच्या अचूकतेवर शंका घेतल्या गेल्या, तरी उतार स्पष्ट आहे.

मला यात आकड्यांपेक्षा वंशावळ महत्त्वाची वाटते. तुर्की, उझबेक, कझाक, तातार या तुर्की कुळाच्या एका मोठ्या फांदीवरच्या भाषा. दुसऱ्या फांदीचं नाव ओघुर, आणि तिच्यावर आज चुवाश एकटी उरली आहे.

फरक ओळखायचा कसा? ताश्कंदमधला 'ताश' म्हणजे दगड. चुवाशमध्ये दगडाला 'चुल' म्हणतात. तुर्कीत हिवाळा 'किश', चुवाशमध्ये 'हेल'. तिकडे शेवटी श, इकडे ल. अशीच दुसरी जोडी झ आणि र यांची: मुलगी 'किझ' आणि 'हेर', नऊ 'दोकुझ' आणि 'तहर'. (उच्चार देवनागरीत बसले तसे.) आता गंमत बघा. बैलाला तुर्कीत 'ओकुझ', चुवाशमध्ये 'वगर', आणि तुर्की कुळाशी नातं नसलेल्या हंगेरियनमध्ये 'ओकोर'! म्हणजे हंगेरियनांच्या पूर्वजांनी हा शब्द घेतला तो र-वाल्यांकडून. व्होल्गाकाठी राहणाऱ्या, ओघुर फांदीचीच भाषा बोलणाऱ्या बल्गार लोकांच्या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या थडग्यांवरही हाच र सापडतो. मूळ ध्वनी र होता की झ, यावर तज्ज्ञ अजून भांडतात, आणि त्या वादात चुवाश हीच एकमेव जिवंत साक्षीदार.

व्हॉट्सअॅपवर जगातला कुठलाही शब्द संस्कृतातून काढून दाखवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की दोन शब्द सारखे ऐकू आले तर काहीच सिद्ध होत नाही. नातं सिद्ध होतं ते नियमाने पुन्हापुन्हा येणाऱ्या फरकातून.

ऱ्हासाची कारणं मात्र ओळखीची आहेत. 1958-59च्या सोव्हिएत शिक्षणसुधारणेनंतर शिक्षणाचं माध्यम रशियन होत गेलं, खेड्यातली माणसं शहरात आली, शहराची भाषा रशियन. 2018च्या कायद्याने शाळेत मातृभाषा शिकणं ऐच्छिक झालं, तेही पालकांनी अर्ज केला तर. हा कायदा तातार, मारी, उदमुर्त या शेजारभाषांनाही लागू आहे. पण तातारला बश्कीर, कझाक अशा जवळच्या बहिणी आहेत. चुवाशला एकही नाही.